शिबिरात चाळीसपैकी सहा जणी 'पॉझिटिव्ह': कर्करोगाआधीचे बदल खरंच इतके सर्रास असतात का?

प्रश्न: आमच्या महिला पतसंस्थेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोफत तपासणी ठेवली होती. आम्ही चाळीस जणी होतो, वयं तीस ते पंचावन्न. व्हिनेगरसारखं काहीतरी लावून बघितलं आणि सहा जणींना 'पॉझिटिव्ह, कर्करोगाच्या आधीचे बदल आहेत' असं सांगितलं. एकीला गावातल्या डॉक्टरांनी पिशवीच काढून टाका म्हटलंय. दोघी इतक्या घाबरल्यात की पुढच्या तपासणीला जायला तयार नाहीत. हे बदल एवढे कॉमन असतात का? आणि माझ्या ५८ वर्षांच्या सासूबाईंची ही तपासणी करून घ्यावी का?

उत्तर:

चाळीसपैकी सहा जणी 'पॉझिटिव्ह' निघणं अगदी अपेक्षित आहे. त्या सहाही जणींना कर्करोगाआधीचे बदल असणं मात्र जवळजवळ अशक्य. शिबिरात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, आणि ती फक्त तुमच्याच शिबिरात होते असं नाही. कॉल्पोस्कोपीच्या, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघण्याच्या तपासणीच्या, खोलीबाहेर बसलेल्या निम्म्याअधिक बायका 'मला कर्करोगाची सुरुवात आहे' असं मनाशी धरूनच आलेल्या असतात.

तुमची झाली ती तपासणी म्हणजे व्हीआयए. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघतात. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. अडचण अशी की जंतुसंसर्गाने सुजलेला भागही पांढरा पडतो, जखम भरताना येणाऱ्या नव्या पेशीही पांढऱ्या दिसतात, आणि तरुण वयात तिथे पेशींची जी नेहमीची अदलाबदल चालू असते तिथेही फिकट पांढरा पट्टा उमटतो. बघणाऱ्या नर्सबाईंना शिकवलेलंच असतं की शंका आली तर पॉझिटिव्ह लिहा. ते बरोबरच आहे. चाळणी तपासणीचं काम संशयितांना बाजूला काढण्याचं, निदान करण्याचं नाही. चूक कागदावर नव्हती, तोंडाने जे सांगितलं गेलं त्यात होती.

आता आकडे. याबाबतीत आपल्याला परदेशाकडे बघायची गरजच नाही, कारण जगभर ज्याचा दाखला देतात तो अभ्यास आपल्याच मराठवाड्यात झालाय. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात तो सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियॉंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या नव्हेत, गावात आपापलं काम करत असलेल्या. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले: एका गटाला व्हीआयए, एकाला पॅप स्मिअर (गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एकाला हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, आणि चौथ्या गटाला त्या काळी जे नेहमीचं उपलब्ध होतं तेवढंच. (या चौथ्या गटावरून पुढे नैतिकतेचा मोठा वाद झाला. तो गंभीर आहे, पण तुमच्या प्रश्नापासून लांब जातो.)

व्हीआयए गटात १४ टक्के बायका पॉझिटिव्ह आल्या, पॅप गटात ७ टक्के, एचपीव्ही गटात १०.३ टक्के. मग पॉझिटिव्ह आलेल्यांची कॉल्पोस्कोपी झाली, गरजेप्रमाणे तुकडा काढून तपासला. ज्यांना खरोखर कर्करोगपूर्व म्हणावं असे वरच्या दर्जाचे बदल तपासलेल्या बायकांपैकी किती जणींत सापडले? व्हीआयए गटात ०.७ टक्के, पॅप गटात १ टक्का, एचपीव्ही गटात ०.९ टक्के. पॉझिटिव्हचा आकडा चाचणीगणिक सातावरून चौदावर गेला, पण तुकड्याच्या तपासणीत ठरलेला आकडा शंभरात एकीच्या आसपासच राहिला. शिवाय व्हीआयए गटात बायका तपासत जाताना पॉझिटिव्हचं प्रमाण हळूहळू उतरलं आणि त्याबरोबर सापडणाऱ्या बदलांचं प्रमाणही ०.५ टक्क्यांवर आलं. डोळ्यांनी बघायची तपासणी ही बघणाऱ्यावर किती अवलंबून असते, हे त्यावरून कळतं.

तुमच्या चाळीस जणींवर हा हिशेब लावा. १४ टक्के म्हणजे पाच-सहा जणी पॉझिटिव्ह. तुमच्याकडे सहा निघाल्या, म्हणजे शिबिर नेहमीसारखंच झालं. शंभरात एक या प्रमाणाने खरे बदल चाळीस जणींत अर्ध्या बाईलासुद्धा येत नाहीत. तुमच्याएवढी तीन शिबिरं घेतली तर त्यातल्या दोन शिबिरांत एकही निघणार नाही. व्हीआयए पॉझिटिव्ह आलेल्या साधारण वीस जणींमागे एकीला वरच्या दर्जाचा बदल असतो. ती एक तुमच्या सहांत असेलही, नसेलही. चेहऱ्यावरून, वयावरून, अंगावर पांढरं जातंय की नाही यावरून ती ओळखता येत नाही. सहाही जणींनी कॉल्पोस्कोपी करून घ्यायची ती याचसाठी.

'बदल' हा शब्दही फार ढिला वापरला जातो. तुकड्याच्या रिपोर्टवर सीआयएन १, २ किंवा ३ अशी बदलाची पायरी लिहितात. वर 'वरच्या दर्जाचे' म्हटलं ते २ आणि ३. सीआयएन १ म्हणजे विषाणू आत आलाय याची खूण, त्याहून फारसं काही नाही. साठेक टक्के बायकांत तो आपोआप मावळतो, बहुतेकींना उपचार लागत नाहीत, वर्षभराने पुन्हा तपासायचं. सीआयएन २ हा मधल्या पायरीचा बदल. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलेल्या बायकांपैकी निम्म्या जणींचा दोन वर्षांत नाहीसा झाला, सुमारे एक तृतीयांश जणींचा तसाच राहिला, आणि १८ टक्के जणींचा पुढे सरकला. तिशीच्या आतल्या मुलींत नाहीसा होण्याचं प्रमाण आणखी जास्त, साठ टक्के. म्हणून मूल व्हायचं असलेल्या तरुण बाईत आम्ही पुष्कळदा थांबतो, कारण गर्भाशयमुखाचा भाग काढला तर पुढच्या बाळंतपणात दिवस पूर्ण भरण्याआधी कळा येण्याचा धोका थोडा वाढतो.

सीआयएन ३ बद्दल मात्र गप्प बसायचं नाही. तो सोडून दिला तर काय होतं हे आपल्याला न्यूझीलंडमधल्या एका दुर्दैवी प्रकरणामुळे माहीत आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत काही बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत ठेवलं गेलं. पुढे न्यायालयीन चौकशी झाली. त्या बायकांचा नंतर घेतलेला मागोवा सांगतो की ज्यांचा फक्त तुकडा काढून सोडून दिलं, त्यांच्यातल्या ३१ टक्के जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ०.७ टक्के. या आकड्यांकडे मी दोन्ही बाजूंनी बघते. न उपचारलेल्या सीआयएन ३ मध्येसुद्धा दर दहांतल्या सात जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला नाही, म्हणजे रिपोर्ट हातात आला की त्याच रात्री मुंबई गाठायची गरज नाही. पण दहांत तीन हा आकडा कोणी पदरात घेऊ नये, आणि उपचार इतके सोपे असताना तर नाहीच.

पॅप स्मिअरच्या रिपोर्टची भाषा पुन्हा वेगळी. त्यात सुट्या पेशी बघतात, म्हणून सीआयएन न लिहिता एएससी-यूएस, एलएसआयएल (सौम्य बदल), एचएसआयएल (वरच्या दर्जाचे बदल) अशी अक्षरं येतात. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत साधारण शंभर स्मिअरमागे चार-पाच एएससी-यूएस, दोन-तीन एलएसआयएल आणि दोनशेमागे एखादा एचएसआयएल असतो. म्हणजे तिथेही 'काहीतरी वेगळं दिसलं' हे पुष्कळ, आणि काळजीचं थोडंच. एएससी-यूएस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या पण नक्की सांगता येत नाही; त्यावर एचपीव्ही चाचणी केली की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. आपल्याकडच्या रिपोर्टवर सगळ्यात जास्त दिसणारा शब्द 'इन्फ्लमेटरी', म्हणजे सूज. तो कर्करोगपूर्व बदल नाही. आधीची पायरीही नाही. या एका शब्दावर जेवढ्या भीतीचा धंदा झालाय तेवढा दुसऱ्या कशावर झाला नसेल.

आकडा कुठून आलाय हेही विचारायला हवं. एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीतले स्मिअर मोजले तर प्रमाण जास्त येतं, कारण तिथे येणारी बाई संबंधांनंतर रक्त जातंय किंवा कंबर धरलीये म्हणून आलेली असते. एचआयव्ही असलेल्या बायकांत बदल पुष्कळ जास्त दिसतात आणि लवकर पुढे सरकतात. त्यांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट. त्यांची तपासणी पंचविशीपासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पहिल्यांदाच तपासणी होत असलेल्या गावात दुसऱ्या फेरीपेक्षा जास्त बदल सापडतात. वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीतून पहिल्या खेपेला जसा साठलेला गाळ निघतो, तसं ते असतं. पुढच्या वेळी फक्त मधल्या काळात झालेले नवे बदल मिळतात. तुमच्या पतसंस्थेने पाच वर्षांनी पुन्हा शिबिर घेतलं आणि कमी जणी निघाल्या, तर तपासणारे हलगर्जी होते असं समजू नका.

त्या सहा जणींचं पुढे काय? कॉल्पोस्कोपी म्हणजे ऑपरेशन नाही. पॅपसारखंच झोपायचं, बाहेरूनच भिंग लावून गर्भाशयमुख मोठं करून बघतात, पुन्हा तेच औषध लावतात, संशय आला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. चिमटा घेतल्यासारखं वाटतं, दोन-तीन दिवस थोडं रक्त जाऊ शकतं. भूल नाही, ॲडमिट होणं नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभागात ही सोय असते. पाळी चालू असताना जाऊ नका, आणि शिबिराचा कागद बरोबर न्या.

तुकड्यात सीआयएन २ किंवा ३ निघालं तर बिघडलेला भाग गोठवून, गरम प्रोबने जाळून किंवा विजेच्या तारेच्या वेटोळ्याने कापून काढतात. पहिल्या दोन पद्धती काही मिनिटांच्या. तिसरीला लीप म्हणतात, ती जागच्या जागी बधिर करून करता येते आणि बहुतेक बाई त्याच दिवशी घरी जाते. काही ठिकाणी व्हीआयए पॉझिटिव्ह आल्यावर तुकडा न काढताच गोठवण्याचा किंवा जाळण्याचा उपचार लगेच करतात. डाग पूर्ण दिसत असेल, आत गर्भाशयमुखाच्या नळीत गेलेला नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल तर हेही मान्य आहे. बाई पुन्हा येईल याची खात्री नसलेल्या ठिकाणी तेच शहाणपणाचं.

आता जिला पिशवी काढायला सांगितलंय तिच्याबद्दल. तिने थांबावं. व्हीआयए पॉझिटिव्ह हे पिशवी काढण्याचं कारण नाही. पांढरा डाग हेही नाही, सूज हेही नाही, गर्भाशयमुखावरचा लालसरपणा हेही नाही. आणि तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढण्यात दुहेरी नुकसान आहे, हे तिच्या घरच्यांनाही सांगा. बदल नसतील तर धडधाकट अवयव गेला. आणि त्या डागाखाली खरंच कर्करोग असेल तर नेहमीची पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया त्याला अपुरी पडते. त्यासाठी वेगळी, मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात, आणि अर्धवट ऑपरेशन झालेल्या बाईचा पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. अशा बायका पिशवीचा तपासणी रिपोर्ट हातात धरून कर्करोग रुग्णालयात येतात, तेव्हा कर्करोगतज्ज्ञांचीही पंचाईत होते. वरच्या दर्जाच्या बदलांसाठी पिशवी काढली तरी नंतरची तपासणी काही सुटत नाही, कारण योनीच्या वरच्या टोकाला तेच बदल पुन्हा येऊ शकतात.

मी हे इतकं ठासून लिहितेय कारण आपल्या भागाचा अनुभव चांगला नाही. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे पाळीचा त्रास, खाड्याचा दंड, फडावर नसलेलं पाणी आणि संडास अशी बरीच कारणं होती. पण 'काढली नाही तर कॅन्सर होईल' हे वाक्य त्यांतल्या कितीतरी जणींनी ऐकलेलं होतं. वर दिलेल्या शंभरात एकीच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून बघा.

ज्या दोघी जायला तयार नाहीत, त्यांच्यासाठी त्याच उस्मानाबादच्या अभ्यासातली पुढची गोष्ट. साधारण आठ वर्षं सगळ्या गटांवर लक्ष ठेवलं गेलं. एकदाच एचपीव्ही चाचणी आणि पॉझिटिव्हना उपचार मिळालेल्या गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, नेहमीचंच उपलब्ध असलेल्या चौथ्या गटात ६४. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींवर दर दोन वर्षांनी व्हीआयए करून पाहिलं, डॉक्टर नव्हे तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकरवी, आणि बारा वर्षांत त्यांच्यातले या कर्करोगाचे मृत्यू उरलेल्या निम्म्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी निघाले. चाचणीने कोणी बरं होत नाही, पॉझिटिव्ह आलेली बाई पुढच्या टेबलापर्यंत पोहोचली तरच फायदा होतो. त्या दोघींना एकटं पाठवू नका. तुमच्यापैकी कोणीतरी सोबत जा, सहाही जणी एकाच दिवशी गाडी करून गेलात तर आणखी बरं.

देशभरात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या जेमतेम १.९ टक्के, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. आणि दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कर्करोग होतो, जवळपास ८० हजार दगावतात. तपासलेल्यांत किती बदल सापडतात हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण आमच्याकडे शेवटच्या टप्प्यात येणारी बाई बहुतेक वेळा कधीच न तपासलेली असते.

सहांपैकी कोणाची पुढे एचपीव्ही चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर घरात संशयाचं वारं शिरतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. हा विषाणू शरीरसंबंधांतून येतो हे खरं, पण तो इतका पसरलेला आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी तो होऊन जातो, आणि दहांतल्या नऊ जणींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघूनही जातो. काहींत तो वर्षानुवर्षं दबून राहतो. आज पॉझिटिव्ह आली म्हणजे तो अलीकडे आला असं ठरत नाही, त्यामुळे नवऱ्याला किंवा बायकोला जाब विचारण्यात अर्थ नाही. उरलेल्या दहाव्या बाईत तो टिकून राहतो, तिच्यात बदल होऊ शकतात, आणि त्यातून कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी लांब खिडकी फार थोड्या कर्करोगांत मिळते.

निगेटिव्ह आलेल्या तुमच्या चौतीस जणींना सरकारी कार्यक्रमाप्रमाणे पाच वर्षांनी पुन्हा यायचंय. परवडत असेल तर पुढच्या वेळी एचपीव्ही चाचणी करा. उस्मानाबादमध्ये व्हीआयए किंवा पॅप निगेटिव्ह आलेल्या बायकांत नंतर कर्करोग होण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आता तिशीपासून एचपीव्ही चाचणी सुचवते आणि निगेटिव्ह आली तर ५ ते १० वर्षं पुन्हा यायची गरज नाही म्हणते. त्याचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, लाजून न येणाऱ्यांसाठी हे मोठं सोयीचं.

सासूबाईंची तपासणी जरूर करा, पण व्हीआयए नको. पाळी गेल्यावर बदल जिथे होतात तो भाग आत नळीत सरकतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि 'निगेटिव्ह'ला काही अर्थ उरत नाही. त्यांची एचपीव्ही चाचणी करा, नाहीतर पॅप. आयुष्यात कधीच तपासणी झाली नसेल तर ५८ हे वय उशिराचं नाही. सरकारी कार्यक्रमातच ६५ पर्यंतच्या बायका धरल्या आहेत. एक मात्र त्यांना आधी विचारा: पाळी गेल्यानंतर कधी थेंबभर जरी रक्त गेलंय का? तसं असेल तर शिबिराची वाट बघायची नाही आणि चाळणी चाचणीही करत बसायचं नाही, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन) लावून तपासून घ्यायचं आणि सोनोग्राफी करायची.